वाकता येतं ना, मग?

"तुला काय टेन्शन, तुला वाकता तरी येतंय."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं त्याला आता बरेच महिने झाले, तरी पहाटे पाठ आखडून जाग आली की ते मला परत ऐकू येतं, माझ्याच आवाजात. पाठीच्या एकाच आजाराच्या आम्हा लोकांचा व्यायामाचा ग्रुप आहे, त्यात त्या दिवशी सगळ्यांची मापं घ्यायची होती. दर सहा महिन्यांनी घेतात. पाठीवर खुणा करायच्या त्या पडद्यामागे, आणि बोटं जमिनीपासून किती वर राहतात ते बाहेर, सगळ्यांसमोर. माझी बोटं नेहमीप्रमाणे नडग्यांच्या मध्यावर अडकली, ३४ सेंटीमीटर. माझ्यानंतर ती उठली. ग्रुपमध्ये वर्षभरापूर्वी आलेली, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, मला दादा म्हणते. ती वाकली आणि तिचे तळवे जमिनीला टेकले, बोटं नाही, अख्खे तळवे. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून, कारण आमच्यातल्या बहुतेकांना जमीन लागून कित्येक वर्षं झाली आहेत. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि फॉर्म भरायला लागली. गेल्या आठवड्यात तुमच्या आजारामुळे तब्येत एकूण कशी वाटली, ० म्हणजे छान आणि १० म्हणजे अतिशय वाईट. तिने ८ ला गोल केला. माझ्या कागदावर २ होता. मी तिच्या कागदाकडे बघितलं आणि हसून ते वाक्य बोललो. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पेनाला टोपण लावलं, "हो ना" म्हणाली, आणि कागदाची घडी घातली, आकडा आत जाईल अशी.

ती घडी डोक्यातून जात नाही.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांना सूज येऊन ते हळूहळू एकमेकांना जुळत जाण्याचा आजार, आम्ही आपापसात नुसतं एएस म्हणतो. हा आजार ज्यांना आहे त्यांना ही मापं तोंडपाठ असतात. कमरेवर ज्या दोन खळ्या असतात त्यांच्या मधोमध पेनाने एक रेघ, तिथून वर १० सेंटीमीटरवर दुसरी, खाली ५ वर तिसरी. पेनाचं टोक गार लागतं आणि टेप त्याहून गार. मग गुडघे सरळ ठेवून जमेल तितकं पुढे वाकायचं. चांगल्या पाठीवर त्या १५ सेंटीमीटरचे २० तरी होतात, कारण मणके एकेक करून उलगडतात आणि त्यांच्यावरची कातडी ताणली जाते. माझे १६.८ होतात. म्हणजे मी वाकतो ते सगळं खुब्यातून, कंबर फळीसारखी नुसती सोबत येते. ही तपासणी शोबर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९३७ मध्ये सांगितली, पुढे १९६९ मध्ये मॅक्रे आणि राइट यांनी ती सुधारली, खालचे ५ सेंटीमीटर त्यांचे. मला हे वाचून का कोण जाणे बरं वाटलं होतं. एवढी वर्षं कोणीतरी माणसांच्या पाठीवर पेनाने रेघा ओढतंय, आणि त्या रेघा एकमेकींपासून किती लांब जातात याची काळजी करतंय.

बाकीची मापंही आहेत. टाचा नि पाठ भिंतीला लावून, हनुवटी आत घेऊन उभं राहायचं आणि कानाच्या भोकापुढचा जो कुर्चेचा छोटा उंचवटा असतो तिथून भिंतीपर्यंत मोजायचं. १५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गेलं तर मान फारच पुढे आलेली. माझं २१. मान डावी-उजवीकडे वळवायची, ७० अंशांच्या वर चांगली, माझी जेमतेम ३५. कडेला वाकताना बोट मांडीवरून किती खाली सरकतं, पाय फाकवल्यावर दोन घोट्यांमध्ये किती अंतर पडतं. पाठीवरच्या रेघांचं माप धरून या पाचांचा मिळून ० ते १० मध्ये एक आकडा निघतो. हा हिशोब इंग्लंडमधल्या बाथ या शहरात १९९४ मध्ये तयार झाला म्हणून त्याच्या नावातही बाथ आहे. आणि तिथूनच, त्याच वर्षी, दोन प्रश्नावल्याही आल्या. एक विचारते की रोजची कामं किती जमतात: मोजे घालता येतात का, जमिनीवर पडलेलं पेन उचलता येतं का, अंग न वळवता खांद्यावरून मागे बघता येतं का. दुसरी त्रासाबद्दल आहे, तिच्यात सहा प्रश्न. थकवा किती, मान-पाठ-खुबा किती दुखतं, इतर सांधे किती, कुठे हात लागला की दुखतं का, सकाळी किती आखडतं, आणि ते किती वेळ टिकतं. मी ही प्रश्नावली वर्षानुवर्षं भरतोय, पण त्या दिवशी घरी जाऊन पहिल्यांदा नीट वाचली. सहातला एकही प्रश्न वाकता येतं का असं विचारत नाही.

म्हणजे ज्यांनी टेपचा हिशोब बसवला त्यांनाच माहीत होतं की टेपने सगळं कळत नाही. आणि मी, वीस वर्षं हा आजार अंगावर वागवणारा माणूस, तिच्या तळव्यांकडे बघून तिची तब्येत ठरवून मोकळा झालो.

खरं तर मला हे कळायला हवं होतं, कारण मी तिच्या जागी होतो. सव्वीस वर्षांचा होतो तेव्हा माझी पाठही वाकायची. बुटाची लेस उभ्याने बांधायचो. आणि तेव्हाच माझे दिवस सगळ्यात वाईट होते. रात्री दोन-तीनला कमरेच्या खाली, आत, कुठेतरी खोल असं दुखायला लागायचं की झोपून राहणं अशक्य. बाकीच्यांची पाठ आडवं पडलं की सुटते, आमची आडवं पडलं की धरते, हे या आजाराचं उलटंच गणित आहे. मग अंधारात उठून घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या, भिंतीला हात लावत, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, थोडं सुटलं की परत पडायचं. सकाळी उठल्यावर तासभर म्हाताऱ्या माणसासारखं चालायचं आणि अकरापर्यंत तरुण माणसासारखं दिसायला लागायचं. लोक भेटायचे ते अकरानंतर. त्यामुळे कोणाला सांगितलं तर ते माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायचे, आणि त्या बघण्यात जे असायचं त्याने मी हळूहळू सांगणंच बंद केलं. आणि शेवटी तेच बघणं मी तिच्याकडे केलं.

आता माझे बरेच मणके जुळून आलेत. एक्सरेवर कडेने हाडाचे पूल दिसतात, एका मणक्यावरून दुसऱ्यावर, ज्याला बांबू स्पाइन म्हणतात त्याच्या वाटेवर. पण सूज दाबणारी बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू झाल्यावर माझ्या रात्री मला परत मिळाल्या. पूर्ण नाही, पहाटे जाग येते अधूनमधून, पण मी झोपतो. ज्याने आठ-नऊ वर्षं रात्री फेऱ्या मारल्यात त्याला विचारा तब्येत कशी आहे, तो २ च लिहिणार. माझा २ खोटा नाही. तो १६.८ च्या टेपवरून आलेला नाही एवढंच, तो त्या अंधारातल्या भिंतीपासून मोजलेला आहे.

सूज आणि हाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा समजलं. सूज असते तेव्हा दुखतं, आखडतं, माणूस थकून जातो, आणि पाठ वाकत नसेल तर ती दुखण्यामुळे वाकत नाही, म्हणजे औषधाने ते परत मिळू शकतं. हाड जुळलं की ते गेलं, मग सूज असो नसो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे नीट मांडलंय, की पाठीची लवचिकता या दोन्हींमुळे कमी होते, आजाराच्या सुरुवातीच्या काळात सुजेमुळे जास्त आणि पुढे पुढे हाडामुळे जास्त. मग एखाद्याच्या पाठीत सूज पेटलेली असू शकते आणि तरी तो जमिनीला तळवे टेकवू शकतो, आणि एखाद्याची पाठ काठी झालेली असू शकते आणि तो शांत झोपू शकतो. टेपसमोर पहिला पास आणि दुसरा नापास. झोपेचं विचाराल तर निकाल उलटा.

तिच्याशी नंतर बोलणं झालं, म्हणजे मी काही विचारलं नव्हतं, तीच एकदा व्यायाम संपल्यावर बुटात पाय सरकवताना बोलायला लागली. आजाराला नाव मिळायला तिला नऊ वर्षं लागली. एक्सरे साफ होता, रक्ताच्या तपासणीतही फार काही नव्हतं, ताण घेऊ नका, वजन वाढू देऊ नका, बसण्याची पद्धत सुधारा, असं प्रत्येकाने सांगितलं. शेवटी एमआरआयमध्ये कमरेच्या सांध्यांजवळ हाडाच्या आतली सूज दिसली तेव्हा ती तिथेच खुर्चीत बसून रडली, आणि डॉक्टरांना वाटलं घाबरून रडतेय. बायकांच्या बाबतीत हे सगळीकडेच होतं असं मी नंतर वाचलं. त्यांच्या एक्सरेवर जुळलेलं हाड साधारणपणे कमी दिसतं, त्रास मात्र त्या जास्त नोंदवतात, आणि निदानाला पुरुषांपेक्षा जास्त वर्षं जातात. कित्येक वर्षं हा पुरुषांचा आजार म्हणूनच शिकवला जायचा. आणि मग ती जे बोलली ते मी कधी विचारातच घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "दादा, मी लहानपणापासून नाचायचे. माझे त्या १५ चे २३ व्हायचे, निदान झालं तेव्हा पहिल्यांदा मोजले तेव्हाचे आहेत कागदावर. आता २०.५ होतात. २०.५ नॉर्मल आहे ना, मग कोणाला काय दिसणार."

अडीच सेंटीमीटर. माझ्या पाठीत सगळी मिळून हालचाल १.८ ची उरलीय, आणि तिच्या पाठीतून त्याहून जास्त कमी झालीय, तरी कागदावर तिच्या पुढे बरोबरची खूण आहे.

शिवाय मापं घेतात संध्याकाळी. दिवसभर हालचाल करून करून आमच्या पाठी सैल झालेल्या असतात, तोच माणूस सकाळी मोजला तर वेगळा भरेल, म्हणून तर दर वेळी साधारण एकाच वेळेला मोजावं असं सांगतात. सकाळी पाच वाजता ती कुशीवर वळताना आधी गुडघे वळवते, मग कठड्याला धरून खांदे, मग थोडं थांबून डोकं. हे तिने मला हाताने करून दाखवलं, एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून तो तुकड्यातुकड्यांनी फिरवत. त्या वेळी टेप घेऊन कोणी उभं नसतं.

हे सगळं ऐकल्यावर मी माझ्या २ कडेही वेगळ्या नजरेने बघायला लागलो, आणि ते मला तितकंसं आवडलं नाही. एका रविवारी मी फॉर्म भरायला बसलो होतो, खांद्यावरून मागे बघता येतं का या प्रश्नावर नेहमीसारखा मधला आकडा टाकला. बायको शेजारी होती. ती म्हणाली, "शेवटचं कधी बघितलंस?" मी आठवायला लागलो आणि आठवेना. मी मागे बघतच नाही. पाय वळवतो, सगळा माणूस वळवतो, कपाटाचं दार फिरावं तसा. गाडी मागे घ्यायची तर आरसे, आणि आरशात नीट दिसत नसेल अशा जागी मी गाडी लावतच नाही. घरात माझ्या रोजच्या वस्तू कधीतरी एकेक करून कमरेच्या उंचीवर आल्या, खालच्या खणात मला लागणारं काही उरलेलंच नाही, आणि हे मी केलं की तिने केलं हे आम्हाला दोघांनाही सांगता येईना. लेसवाले बूट गेले. जमिनीवर बसणं गेलं. लांब पल्ल्याचा प्रवास, नको रे बाबा, असं म्हणत म्हणत गेला. यातल्या कशासाठीही मी एक दिवससुद्धा रडलो नाही, कारण कुठलीच गोष्ट एका दिवशी गेली नाही. मग जे उरलंय त्यात मला काही त्रास होतो का, तर होत नाही. २.

हा २ बरा म्हणायचा का वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. एक मन म्हणतं की माणूस असाच जगतो, जे आहे त्यात घर करतो, आणि ज्याला रात्री झोप लागते त्याने खालच्या खणाचं दुःख करू नये. दुसरं मन म्हणतं की मी हळूहळू लहान खोलीत राहायला गेलो आणि खोली पुरेशी आहे का विचारल्यावर पुरेशी आहे म्हणतोय. एक जुना मित्र दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, त्याने मागून तीनदा हाका मारल्या आणि मी मान वळवूनही बघितलं नाही म्हणून. मराठीत या वाक्याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे. मला मान वळवता येत नाही हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, कारण मी तर छान होतो.

आपल्या भाषेत पाठीचं आणि मानेचं फार आहे. ताठ मानेने जगावं, कणा असावा, मोडेन पण वाकणार नाही. हे शेवटचं मी लहानपणी भाषणात जोरात म्हटलेलं आठवतंय. आता ते ऐकलं की पोटात गोळा येतो. जुळलेला कणा कडक असतो पण मजबूत नसतो, आतलं हाड विरळ होत जातं, आणि साध्या घसरण्यानेही तो मोडू शकतो, मानेत जास्त करून. डॉक्टरांनी मला बजावून ठेवलंय की पडलास आणि मान नेहमीपेक्षा वेगळी दुखायला लागली तर थोडंच दुखतंय म्हणून घरी बसायचं नाही, लगेच स्कॅन. दोन वर्षांपूर्वी ओल्या फरशीवर माझा पाय सटकला होता. पडलो नाही, नळ हातात आला. पण त्यानंतर पंधरा मिनिटं मी तसाच नळ धरून उभा होतो, पाणी वाहत होतं, आणि मी मान इंचभरही हलवून बघायला तयार नव्हतो. तो आठवडाही मी फॉर्मवर २ च लिहिला. दुखलं काहीच नव्हतं. ती भीती कुठल्या रकान्यात लिहायची ते मला कळलं नाही.

तिला विचारावंसं वाटतं की तुझ्या ८ मध्ये काय काय आहे. दुखणं किती, थकवा किती, आणि कोणी विश्वास ठेवत नाही याचे किती. थकव्याबद्दल तर बोलायलाच नको, तो या आजारातला सगळ्यात न दिसणारा भाग. झोपून जात नाही, कॉफीने जात नाही, हाडांत ओली वाळू भरल्यासारखा असतो, आणि टाळ्या वाजवणाऱ्या लोकांमध्ये बसून तो कसा दाखवणार.

गेल्या आठवड्यात परत मापांचा दिवस होता. माझे १६.८ चे १६.६ झालेत. मापं घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या एवढा फरक मोजण्यातही पडू शकतो, आणि ते खरंच आहे, तरी मी घरी येईपर्यंत ते दोन मिलिमीटर मनात धरून होतो. पण ते नंतर. आधी आम्ही बाकावर बसून फॉर्म भरत होतो, ती माझ्या शेजारी, आणि मी ठरवून आलो होतो. मी म्हटलं, "मागच्या वेळी मी तुला एक बोललो होतो, वाकता येतंय ना वगैरे. चुकलंच माझं." ती माझ्याकडे बघत राहिली. आठवतंय असं दिसेना. मग म्हणाली, "दादा, त्या दिवशी ते तुम्ही बोललात का? मला चार-पाच जण बोलले असतील. कोण काय बोललं ते आता लक्षात नाही हो." अगदी सहज, मला बरं वाटावं म्हणूनही नाही. मी इतके महिने जे एकट्याने उगाळत होतो त्याला तिच्याकडे स्वतंत्र जागाही नव्हती, ते इतरांच्या तशाच वाक्यांत मिसळून गेलं होतं.

मी विचारलं, "आठवडा कसा गेला?" ती म्हणाली, "सहा. नवीन इंजेक्शन सुरू केलंय, तीन रात्री सलग झोपले." आणि एकदम तिचा चेहरा उजळला. मी माझा आकडा अजून टाकला नव्हता. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. उठताना तिने दोन्ही हात बाकावर दाबले, उभी राहिली, आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधी जरा थांबली, तीन-चार सेकंद असतील, अंग जागेवर येईपर्यंत. हे ती वर्षभर करत असणार, माझ्या शेजारून उठून. मग पुढे गेली आणि वाकली. तळवे जमिनीला टेकले. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

वर येताना तिने डोळे घट्ट मिटले होते.